बेकार राहण्याची पात्रता

कतारमध्ये बेकार माणूस शोधायला निघालं तर दमछाक होते. इथला बेरोजगारीचा दर बरीच वर्षं ०.१ टक्क्याच्या आसपास आहे. जगातल्या सर्वांत कमी दरांत त्याची गणना होते आणि वर्तमानपत्रं तो कौतुकानं छापतात. गॅसचा पैसा आहे, बांधकामं आहेत, कामं आहेत, हे खरंच. पण बरंचसं श्रेय निवास परवान्यालाही द्यायला हवं. तीस लाखांच्या आतबाहेर असलेल्या लोकसंख्येत बहुतांश माणसं परदेशी, आणि त्यांचं इथलं राहणं कामाला बांधलेलं. काम सुटलं की ठरावीक मुदत मिळते. तेवढ्यात दुसरा मालक मिळाला तर ठीक, नाहीतर विमानाचं तिकीट. बेकार मोजणारा प्रगणक दार वाजवेपर्यंत तो माणूस काठमांडूला, कोझिकोडला नाहीतर आपल्या खेडला घरी पोचलेला असतो आणि तिथल्या बेकारीत जमा होतो.

म्हणून बेकारांच्या आकड्यापेक्षा त्याच्या शेजारचा आकडा मला जास्त बोलका वाटतो. काम करत नाहीत, शोधतही नाहीत आणि तरी इथे राहतात, अशा लोकांचा. सरकारी भाषेत श्रमशक्तीबाहेरची लोकसंख्या. मी त्यातच मोडते, त्यामुळे हे कुतूहल घरचंच म्हणायचं. पुणे विद्यापीठातून संख्याशास्त्रात एम.एस्सी. केलं, काही वर्षं एका औषध कंपनीत चाचण्यांची आकडेवारी सांभाळली, लग्न झालं आणि नवऱ्याची नोकरी रास लफानला गॅसच्या प्रकल्पावर म्हणून दोहात आले. मुलाची शाळेची बस येईपर्यंत कुणी भरतकाम करतं, कुणी मालिका बघतं. मी सरकारी तक्ते बघते. लोकांना हा छंद विचित्र वाटतो, आणि तो विचित्र आहेच.

कतारचं श्रमशक्ती नमुना सर्वेक्षण पंधरा वर्षांवरच्या माणसाला जे विचारतं, ते जगभर विचारलं जातं. गेल्या आठवड्यात पगारासाठी किंवा नफ्यासाठी निदान एक तास काम केलंत का? नाही? मग काम शोधत होता का? तेही नाही? मग तुम्ही श्रमशक्तीबाहेर. त्यानंतर कारण विचारायचं: गृहिणी, विद्यार्थी, निवृत्त, अपंगत्व, इतर. आणि मग शिक्षण. या भागातल्या तक्त्यांत शिक्षणाच्या पायऱ्या साधारण अशा असतात: निरक्षर, लिहिता-वाचता येतं, प्राथमिक, पूर्वमाध्यमिक, माध्यमिक, पदविका, विद्यापीठ आणि त्यापुढे.

भारतातून आलेला माणूस हा तक्ता उघडतो तेव्हा त्याची एक अपेक्षा असते. कामाबाहेर असलेले लोक कमी शिकलेले असणार, शिकलेले कामावर असणार. इथे ती अपेक्षा उलटीपालटी होते. उन्हात मचाणावर चढणारे, टँकर चालवणारे, इमारतींच्या काचा पुसणारे हजारो पुरुष, ज्यांची शाळा पाचवीत नाहीतर आठवीत सुटली, ते सगळे श्रमशक्तीत. आणि श्रमशक्तीबाहेरच्या रकान्यात शेवटच्या पायरीवर, म्हणजे विद्यापीठ आणि त्यापुढे, आम्ही बायका दाटीवाटीनं बसलेल्या.

कारण सरळ आहे. इथे रिकामं राहायलासुद्धा पात्रता लागते.

बायकोला बोलावून घ्यायचं तर नवऱ्याचा पगार एका मर्यादेच्या वर असावा लागतो. खासगी नोकरीत ही मर्यादा वर्षानुवर्षं दहा हजार रियाल अशीच सांगितली जाते. कंपनीनं घर दिलं असेल तर थोडी सवलत. आता मार्च २०२१ पासून इथलं किमान वेतन १,००० रियाल आहे, राहण्याचे ५०० आणि जेवणाचे ३०० वेगळे. म्हणजे कुटुंब आणायला किमान वेतनाच्या दहापट पगार हवा. तो कुणाला मिळतो? इंजिनियर, हिशेबनीस, डॉक्टर, बँकेतला अधिकारी. आणि त्याची बायको कोण असते? इथे आपली लग्नं जुळवण्याची पद्धत मदतीला धावून येते. मुलगा बी.ई. असेल तर मुलगी निदान ग्रॅज्युएट हवी, मुलगा एम.टेक. असेल तर मुलगी ‘कॉन्व्हेंट आणि पोस्टग्रॅज्युएट’. पुण्यातलं वधूवर सूचक मंडळ आणि दोहातलं पासपोर्ट खातं यांची कधी भेट झालेली नाही, पण दोघांनी मिळून जी चाळणी बनवली आहे तिच्यातून खाली फक्त पदवीधर गृहिणी पडतात.

कुवेतनं तर आडपडदाच ठेवला नव्हता. २०२४ च्या जानेवारीत तिथे कौटुंबिक व्हिसा पुन्हा सुरू झाला तेव्हा ८०० दिनार पगार आणि नवऱ्याकडे विद्यापीठाची पदवी, अशा दोन्ही अटी होत्या. त्याच वर्षी जुलैत पदवीची अट काढली. ते सहा महिने नियमाच्या कागदावरच लिहिलेलं होतं, की पदवी नसलेल्यानं संसार इथे मांडू नये.

चाळणीच्या वर जे उरतात त्यांच्या बायका कुठे असतात? मंडणगडला, दापोलीला, म्हसळ्याला, श्रीवर्धनला. कोकणातल्या मुसलमान वस्त्यांत आखाताची ये-जा पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. वेल्डर, ड्रायव्हर, स्टोअरकीपर म्हणून गेलेला माणूस गावात बंगला बांधतो आणि त्या बंगल्यात त्याची बायको, त्याचे आईवडील आणि त्याची न वापरलेली खोली असते. ती बायकोही श्रमशक्तीबाहेरच आहे, पण भारताच्या सर्वेक्षणात, घरकामाच्या ९२ किंवा ९३ क्रमांकाच्या संकेतांकाखाली. कतारमधल्या एकाच कंपनीतल्या दोन पुरुषांच्या दोन बायका दोन देशांच्या तक्त्यांत आहेत, आणि त्यांच्यातल्या फरकाचं नाव आहे नवऱ्याचा पगार. त्यात भारताची चाळणी आणखी वेगळी. दहावी न झालेल्याच्या पासपोर्टावर उत्प्रवासन तपासणीची अट लागते, कतारसह काही ठरावीक देशांसाठी, आणि त्या पासपोर्टावर कामाला निघालेली बाई तिशीच्या आतली असेल तर तिला परवानगीच मिळत नाही. दहावीची ती रेघ शाळा सुटल्यावरही माणसाच्या मागे विमानतळापर्यंत येते.

आमच्याकडे संक्रांतीचं हळदीकुंकू असतं. दोहातल्या एका फ्लॅटच्या दिवाणखान्यात एकाच सतरंजीवर जितक्या पदव्या मांडी घालून बसतात तितक्या एखाद्या तालुक्याच्या कॉलेजच्या स्टाफरूममध्ये नसतील. दंतवैद्य, वास्तुविशारद, दोन सीए, एक वकील, संगणक इंजिनियरांची तर गणतीच नको. सगळ्या एकमेकींना वहिनी म्हणतात. विषय: लुलूमध्ये कोथिंबीर काय भाव, बसचा ड्रायव्हर, सासूबाईंचा व्हिजिट व्हिसा. यात मला कमीपणा वाटत नाही. विषय खरे आहेत आणि कोथिंबीर महाग आहे. पण वकील वहिनी भाडेकराराच्या कलमावर बोलायला लागल्या की पाच मिनिटं सगळ्या गप्प होतात आणि त्यांचा आवाज बदलतो, तेव्हा खोलीत काय काय बसलेलं आहे ते एकदम कळतं.

मग या काम का करत नाहीत? कायद्यानं बंदी आहे असं भारतात बऱ्याच जणांना वाटतं. तसं नाही. कतारमध्ये नवऱ्याच्या प्रायोजकत्वावर राहून कामगार मंत्रालयाची परवानगी घेऊन नोकरी करता येते. जाहिरातींत तर ‘हजबंड स्पॉन्सरशिप असल्यास प्राधान्य’ असं उघड लिहितात. हे प्राधान्य कशासाठी, तेही उघड आहे. अशा बाईला कंपनीनं घर द्यायला नको, व्हिसाचा खर्च नको, दरवर्षीचं तिकीट बऱ्याचदा नको. ती आधीच येऊन बसलेली आहे, म्हणून ती स्वस्त आहे. दोन मुलांची डे-केअर आणि ये-जा यांचा हिशेब मांडला की त्या पगारातून जे उरतं ते पाहून सीए वहिनी हसतात. त्यांना हिशेब येतो ना.

पदव्यांचं तर वेगळंच पुराण. वकिलीची भारतीय पदवी घेऊन इथल्या न्यायालयात उभं राहता येत नाही. दंतवैद्याला कागदपत्रांची पडताळणी, परीक्षा, परवाना. आणि मध्ये दोन वर्षांहून जास्त काळ प्रॅक्टिस बंद राहिली असेल तर आधी पुन्हा देखरेखीखाली प्रशिक्षण. आता सांगा, लग्न, स्थलांतर, बाळंतपण आणि बाळ चालायला लागेपर्यंतचा काळ यांची बेरीज दोन वर्षांच्या आत कुणाची बसते? नियम रुग्णांच्या भल्याचा आहे, त्याच्या हेतूवर माझा आक्षेप नाही. पण तो नियम वाचताना बाळंतपण कुणाच्या डोळ्यांसमोर नव्हतं एवढं नक्की कळतं. बहिःस्थ किंवा मुक्त विद्यापीठाची पदवी असेल तर समकक्षता मिळवतानाच नाकी नऊ येतात. आपल्याकडे संसार सांभाळून शिकलेल्या बाईची पदवी बहुधा अशीच असते. ती पदवी मिळवायला जास्त कष्ट पडलेले असतात, आणि इथे ती कमी मोजली जाते.

या सगळ्यात सर्वांत गंमतशीर जागा म्हणजे स्वयंपाकघर. ज्या घरात राहती मेड आहे तिथे दोन बायका एकाच ओट्याशी उभ्या असतात. मेड केनियाची, फिलिपिन्सची किंवा श्रीलंकेची. इथल्या तक्त्यांत घरगुती क्षेत्र हा रोजगाराचा स्वतंत्र विभाग आहे आणि २०१७ पासून घरकामगारांसाठी स्वतंत्र कायदाही आहे. म्हणून कांदा चिरणारी मेड श्रमशक्तीत, आणि फोडणी देणारी एम.एस्सी. बाहेर. मेडनं नोकरी सोडली आणि कांदाही मॅडमनंच चिरला, तर कतारची श्रमशक्ती एका माणसानं घटते. भाजी तेवढीच होते. अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाला स्वयंपाकिणीशी लग्न करणाऱ्या गृहस्थाची गोष्ट सांगतात, त्यानं राष्ट्रीय उत्पन्न कसं कमी होतं ती. कतारच्या एकूण महिलांचा श्रमसहभाग भारतापेक्षा बराच वर दिसतो, त्यात या राहत्या मेड्‌सचा मोठा वाटा आहे, हे तक्ता वाचताना विसरून चालत नाही. जिनिव्हात २०१३ साली श्रमसंख्याशास्त्रज्ञांच्या १९ व्या आंतरराष्ट्रीय परिषदेनं घरासाठी केलेला स्वयंपाक आणि मुलांची देखभाल हेही काम आहे, असं मान्य केलं. रोजगारात मात्र ते धरलं नाही. म्हणजे आम्ही काम करतो हे आता अधिकृत आहे आणि आम्ही श्रमशक्तीबाहेर आहोत हेही अधिकृत आहे.

हे झालं परदेशी कुटुंबांचं. कतारी बायकांची गोष्ट निराळी आहे, आणि आम्ही मंडळी तिच्यावर फार चटकन मत देतो. ‘यांना काय गरज कामाची,’ असं म्हणणाऱ्या वहिनी स्वतः कुठल्या रकान्यात आहेत ते त्यांच्या लक्षात येत नाही.

एका दवाखान्याच्या प्रतीक्षालयात माझ्या समोर तीन पिढ्या बसल्या होत्या. आजीच्या चेहऱ्यावर जुना बतूला, तो सोनेरी झाक असलेला मुखवटा. मधली बाई पन्नाशीची, निवृत्त शिक्षिका. नातीच्या मांडीवर लॅपटॉप आणि त्यावर एज्युकेशन सिटीतल्या एका अमेरिकन विद्यापीठाचं बोधचिन्ह. नात माझ्याशी इंग्रजीत बोलली, आजीशी अरबीत, आणि आजीचा औषधाचा कागद तिनंच वाचून दाखवला. तिघीही श्रमशक्तीबाहेर. पण शिक्षणाच्या रकान्यात आजी ‘निरक्षर’ किंवा ‘लिहिता-वाचता येतं’ मध्ये, आई विद्यापीठात, आणि नात? नात ‘माध्यमिक’मध्ये, कारण पदवी हातात येईपर्यंत तिचं पूर्ण झालेलं शिक्षण बारावीच. तक्त्यात माध्यमिकच्या पायरीवर जी गर्दी दिसते तिच्यात अशी पोरं असतात, उद्याचे इंजिनियर आणि डॉक्टर. कमी शिकलेले म्हणून त्यांच्यावर लेख लिहायला कुणी बसेल तर फजिती व्हायची.

या तीन पायऱ्यांना तारखा आहेत. कतारचं तेल १९४९ च्या शेवटी पहिल्यांदा निर्यात झालं. त्याआधी मोत्यांचा धंदा बुडालेला, गाव रिकामं होत चाललेलं, आणि शिक्षण म्हणजे कुत्ताब, जिथे मुलं कुराण पाठ करता करता अक्षरओळख करून घेत. ‘लिहिता-वाचता येतं’ ही पायरी अशा शिक्षणाचीही आठवण आहे. मुलींची पहिली सरकारी शाळा १९५० च्या दशकातली. आमना महमूद अल-जैदा या बाई आपल्या घरी मुलींना शिकवत होत्या, त्यातून ती उभी राहिली. १९७३ मध्ये शिक्षण महाविद्यालय निघालं, पुढे त्याचंच कतार विद्यापीठ झालं. पहिल्याच वर्षी ५७ मुलगे आणि ९३ मुली. तेव्हापासून मुली पुढेच आहेत. आज त्या विद्यापीठात साधारण दहांतल्या सात विद्यार्थिनी. मुलाला माध्यमिक झाल्यावर सैन्य, पोलीस, मंत्रालय किंवा परदेश असे रस्ते खुले होते. मुलीला घराबाहेर पडायचा सर्वांना मान्य असलेला रस्ता विद्यापीठाकडे जात होता, आणि ती त्या रस्त्यानं भरभरून गेली. पुढे नोकरीत मात्र त्याच प्रमाणात दिसली नाही. गेल्या दशकातल्या सर्वेक्षणांत कतारी महिलांचा श्रमसहभाग एक तृतीयांशाच्या थोडा वर होता. सरकारी नोकरीचीच ओढ, पुरुषांबरोबर काम करण्याबद्दल घरच्यांचं मत, मोठी कुटुंबं, आणि घरात कुणीतरी कमावतं आहे ही निश्चिंती, अशी कारणं सांगतात. यातलं शेवटचं सोडलं तर बाकीची मला सदाशिव पेठेतही ऐकू आलेली आहेत.

म्हणून श्रमशक्तीबाहेरच्या लोकांचं सरासरी शिक्षण असा आकडा कुणी काढला की मी वैतागते. आजी, नात आणि बी.डी.एस. वहिनी यांची सरासरी काढून कोण हाती लागतं? अशी बाई अस्तित्वातच नाही. वयाप्रमाणे तोडा, राष्ट्रीयत्वाप्रमाणे तोडा, कारणाप्रमाणे तोडा, मग तक्ता बोलायला लागतो.

आणि मग उरतात ते एक तासवाले. गणपतीत दोहातल्या कितीतरी घरांत उकडीच्या मोदकांच्या ऑर्डरी व्हॉट्सअ‍ॅपवर घेतल्या जातात. दिवाळीत चकली, करंजी, अनारसे. वर्षभर डबे. कुणी ब्लाउज शिवतं, कुणी भरतनाट्यम शिकवतं, कुणी दहावीचं गणित. सर्वेक्षणाच्या व्याख्येप्रमाणे आठवड्यातून एक तास नफ्यासाठी काम केलं की बाई श्रमशक्तीत आली. पण प्रगणकाला ती काय सांगणार? परवाना नाही, बोलून बसलं आणि भलतंच निघालं तर? ‘गृहिणी,’ म्हणून मोकळी होते. एक एम.कॉम. वहिनी मोदकाच्या नारळापासून गॅसपर्यंतचा खर्च लावून किंमत ठरवतात, उधारीची वही ठेवतात, चतुर्थीच्या आदल्या रात्री दोघींना मदतीला बोलावून त्यांना पैसे देतात. ही बाई तक्त्यात बिनकामाची आहे आणि तिनं दोघींना काम दिलेलं आहे. मी स्वतः दुपारी तक्ते वाचण्यापलीकडे काय करते, ते इथे लिहिणार नाही.

नियमांत एक वाक्य आहे, ते वाचून मी बराच वेळ मुलाकडे बघत राहिले होते. वडिलांच्या व्हिसावर मुलगा पंचवीस वर्षांपर्यंत राहू शकतो. मुलगी लग्न होईपर्यंत. म्हणजे मुलानं त्या वयाला कामगार व्हायचं किंवा देश सोडायचा. श्रमशक्तीबाहेर राहायची त्याची मुदत संपली. मुलीला मुदतच नाही. तिची जागा बापाच्या कागदावर असते, तिथून ती नवऱ्याच्या कागदावर जाते. शेजारची मुलगी इथेच वाढली, इंजिनियर झाली, घरी आहे. आईवडिलांना घाई नाही, कारण कायद्याला घाई नाही. तिच्या भावानं मात्र बाविसाव्या वर्षापासून अर्ज करायला सुरुवात केली होती. सवलतीसारखा दिसणारा नियम कुणाला पळायला लावतो आणि कुणाला बसवून ठेवतो, हे त्या एका घरात शेजारी शेजारी दिसतं.

माझी मामेबहीण येत्या काही महिन्यांत लग्न होऊन इथे यायची आहे. बायोटेक्नॉलॉजी, एम.एस्सी., प्रयोगशाळेतला अनुभव. कौटुंबिक व्हिसासाठी तिचं विवाह प्रमाणपत्र लागतं. ते राज्य सरकार, परराष्ट्र मंत्रालय, कतारचा दूतावास अशा शिक्क्यांच्या रांगेतून जातं. तिची पदवी कुणी मागत नाही. ती नोकरीच्या वेळी लागते, तिलाही तशाच शिक्क्यांची रांग आहे, शिवाय विद्यापीठाचं पडताळणीचं पत्र. हे सगळं भारतात असताना करणं सोपं, इथे आल्यावर कुणाला तरी मुंबई-दिल्लीच्या खेपा घालायला लावाव्या लागतात. आमच्या सतरंजीवरच्या बहुतेक जणी विवाह प्रमाणपत्रावर पूर्ण शिक्के आणि पदवीवर एकही नाही, अशाच आल्या आहेत.

मी तिला फोन करून म्हटलं, दोन्ही कागद एकदमच पाठव.

‘अगं ताई, आधी मला येऊ तर दे. नोकरीचं नंतर बघू असं हे म्हणतायत.’

एजंटानंही तिला तेच सांगितलं: पदवीचे वेगळे पैसे पडतील, विद्यापीठ पत्राला वेळ लावतं, व्हिसाला त्याची गरज नाही. सगळं खरं आहे. मी तिला विद्यापीठाच्या परीक्षा विभागाच्या अर्जाची लिंक पाठवली आणि शुल्क मी भरते म्हणाले. मेसेजवर दोन निळ्या खुणा आल्या आहेत. उद्या मामीला फोन करणार आहे.